भिंतीवरची बंदूक आणि आपले दायित्व

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सागर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी बंदुकीसारखा विषय आम्ही का निवडला, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. कार्यकारिणीच्या बैठकीत तो उघडपणे विचारलाही गेला. भजन, नाटक, कीर्तन, स्त्रीशिक्षण, मराठी शाळा हे विषय मंडळाच्या व्यासपीठाला शोभणारे आहेत, आणि त्यांवर आमच्यापेक्षा अधिकारी व्यक्ती बोलणार आहेत. परंतु या सभागृहात बसलेल्या कुटुंबांपैकी किती जणांच्या दिवाणखान्यात, माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या कोनाड्यात पणजोबांची एखादी बंदूक, पिस्तूल अथवा कडाबीन आहे, याचा मनातल्या मनात हिशेब करावा. खंडेनवमीला जिच्यावर हळदकुंकू वाहिले जाते आणि उरलेले वर्षभर जिच्याकडे कोणी पाहत नाही, तिच्याविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

आम्ही कायदेपंडित नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. कायद्याची जी कलमे पुढे सांगणार आहोत, ती ठेच लागल्यानंतर शिकलो, आणि एका ज्येष्ठ वकील मित्रांकडून नीट समजावून घेतली. ती ठेच कोणती, हे आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या वाड्यात, ओसरीवरून माजघरात जाताना, दाराच्या वर एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. टोपीची बंदूक, दस्त्यावर पितळी पट्ट्या, नळीखाली लोखंडी गज. आजोबांच्या नावे तिचा परवाना होता, पुढे तो वडिलांच्या नावे झाला. वडील २००८ साली निवर्तले. दिवसपाणी झाले, वाड्याच्या कराच्या पावतीवरचे नाव बदलले, बँकेतील खाते बदलले, परंतु बंदुकीच्या परवान्याचा विषय कोणाच्याही ध्यानात आला नाही. खरे सांगायचे तर ध्यानात आला होता. आमच्या मातोश्रींनी एकदा विचारलेही होते. “अहो आई, ती आता शोभेची वस्तू आहे, तिला कसला परवाना?” असे आम्हीच त्यांना उत्तर दिले होते. इतिहासाच्या शिक्षकाचे उत्तर असल्यामुळे त्यांनी ते खरे मानले.

२०१७ मध्ये वाड्याची वाटणी झाली. आमचे धाकटे बंधू पुण्याला स्थायिक झालेले. “दादा, बंदूक मी मोटारीतून नेतो, नव्या घराच्या भिंतीवर छान दिसेल,” असे ते म्हणाले. त्या वेळी उपरोक्त वकील मित्र योगायोगाने घरी आले होते. त्यांनी बंदुकीकडे पाहिले आणि दोन प्रश्न विचारले. परवाना कोणाच्या नावे आहे? आणि ही उडते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाच्याच नाही’ असे होते. दुसऱ्याचे उत्तर आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने ‘नाही’ असे दिले. त्यांनी एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानातील वृद्ध कारागिराला बोलावून घेतले. त्या गृहस्थाने गज काढून नळीत हळूच सोडला, बोटाने खूण केली, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहिला. खूण जिथे यावयास हवी होती तेथून चार बोटे अलीकडे आली. बंदूक भरलेली होती. कोणी, कोणत्या साली, कशासाठी भरली, हे सांगणारे माणूस आता घरात उरले नव्हते. त्याच बंदुकीचा घोडा ओढून आमच्या घरची तीन पिढ्यांची मुले दसऱ्याला ‘ठो’ म्हणत खेळली होती.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आजच्या व्याख्यानाचे मूळ त्या रात्रीत आहे.

आता कायद्याकडे वळू. आपले पूर्वज या बुंदेलखंडात आले ते शस्त्रासह आले. पहिल्या बाजीरावांनी १७२९ मध्ये छत्रसालांना साहाय्य केले, त्यातून या मुलखात मराठ्यांचा पाय रोवला, आणि गोविंदपंत बुंदेले यांनी येथून कारभार पाहिला. पानिपताच्या आधी, १७६० च्या अखेरीस, ते रणात पडले. १८१८ मध्ये सागर कंपनीच्या ताब्यात गेले. १८५८ च्या फेब्रुवारीत सर ह्यू रोझ यांची फौज सागरच्या किल्ल्यात पोहोचली, आणि त्यानंतरच्या काळात या प्रांतातील घरोघरची शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. आमची आजी, विहिरीत टाकलेल्या तलवारींच्या कथा सांगत असे. पुढे लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा आला. एतद्देशीयांनी परवाना घ्यायचा आणि गोऱ्यांना सूट, असा त्याचा पक्षपाती कारभार होता, आणि राष्ट्रसभेने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध आवाज उठवला. परवान्याविषयी आपल्या घरांत जी एक सुप्त अढी आहे, तिचे मूळ या इतिहासात आहे. ‘परवाना मागणे म्हणजे साहेबापुढे हात पसरणे’ असे आमचे आजोबा म्हणत, तरीही त्यांनी तो घेतला होता.

परंतु तो कायदा आता उरला नाही. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ मध्ये नवा शस्त्र अधिनियम केला, आणि तो १९६२ पासून अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली, आणि मूळ अधिनियमात २०१९ साली महत्त्वाची दुरुस्ती झाली. हा कायदा गोऱ्याकाळ्याचा भेद करत नाही आणि संस्थानी व खालसा मुलूख असाही भेद करत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदे येथून आलेल्या कित्येक कुटुंबांत दरबारची जुनी सनद जपून ठेवलेली असते, आणि ती असली म्हणजे शस्त्राला वेगळ्या परवान्याची गरज नाही अशी समजूत असते. सनद हे इतिहासाचे मोलाचे साधन आहे. ती अवश्य जपावी. परंतु आजच्या पोलीस ठाण्यात ती परवान्याच्या ठिकाणी चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. जुनी बंदूक घरी ठेवण्यास परवाना लागतो की नाही? या प्रश्नाला आपल्याकडे सर्रास दिले जाणारे उत्तर, ‘शंभर वर्षे झाली की लागत नाही’, हे चुकीचे आहे. अधिनियमाच्या ४५ व्या कलमाच्या ‘क’ खंडात जी सूट दिली आहे, तिचा आशय असा. कालबाह्य घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडकळीस आलेले जे शस्त्र दुरुस्ती करून अथवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नाही, त्याला हा अधिनियम लागू नाही. या वाक्यातील शेवटचे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. शस्त्र जुने असणे पुरेसे नाही. ते आज उडत नाही, हेही पुरेसे नाही. ते दुरुस्त केल्यानंतरही उडू नये, तेव्हा ही सूट मिळते. कायदा शस्त्राचे वय पाहत नाही, त्याची शक्ती पाहतो.

घोड्याची कमान तुटली आहे, चाप सैल झाला आहे, टोपी बसवण्याचे बोंड गंजून गेले आहे, एवढ्यावरून बंदूक निकामी ठरत नाही, कारण हे सर्व कोणताही कुशल कारागीर दुरुस्त करू शकतो. याउलट जिची नळी ठिकठिकाणी फुटली आहे, मागची बाजू खाऊन गेली आहे, जिचा केवळ सांगाडा राहिला आहे, ती या सुटीत बसू शकते. परंतु बसते की नाही हे ठरवणारे आपण नव्हे. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले तर शस्त्रतज्ज्ञाचा अभिप्राय मागवला जातो, आणि तोवर आपली ‘शोभेची वस्तू’ ही समजूत आपल्याजवळच राहते.

दुसरा एक गैरसमज येथेच दूर करावासा वाटतो. ठासणीची म्हणजे जुनीच, असे नव्हे. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, टोपीची बंदूक असा हा क्रम आहे. तोड्याच्या बंदुका हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकातही घडत होत्या. विसाव्या शतकात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुका परवानाधारक कारखान्यांतून बनत आल्या आहेत. त्यामुळे भिंतीवरची बंदूक पणजोबांनी लढाईत वापरली की आजोबांनी रानडुकरे हाकलण्यासाठी विकत घेतली, हे केवळ तिच्या घडणीवरून सांगता येत नाही. खुणा पाहाव्या लागतात. कळीच्या पत्र्यावर पुढच्या पायांत मुकुट धरून उभा असलेला सिंह कोरलेला असेल तर ती ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठी बनलेली बंदूक असण्याचा संभव असतो. कित्येकदा त्याच पत्र्यावर साल असते. संस्थानी शस्त्रागारातील काही नळ्यांवर देवनागरी अक्षरे ठिपक्यांनी कोरलेली आढळतात. अशी खूण दिसली तर घासूनपुसून ती चकचकीत करू नये. गंजाबरोबर पुरावाही निघून जातो.

मग जे शस्त्र खरोखर ऐतिहासिक आहे पण अजूनही उडू शकते, त्याचे काय? १९६२ च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टातच ‘४५ (क) कलमाने वगळलेल्यांव्यतिरिक्त दुर्मिळ व ऐतिहासिक शस्त्रे’ असा स्वतंत्र चौथा वर्ग होता. म्हणजे दुर्मिळ असूनही परवान्याच्या कक्षेत असलेली शस्त्रे असतात, हे कायद्याने प्रथमपासून मानले आहे. या बाबतीत अलीकडे एक सवलत मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने नियमांत दुरुस्ती करून असे ठरवले की ‘दुर्मिळ वस्तू’ या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे मिळवण्यास वा बाळगण्यास भारतीय नागरिकांस परवान्याची आवश्यकता राहणार नाही. ही बातमी वाचून आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी समाधानाने वर्तमानपत्राची घडी घातली आणि विषय संपला असे मानले. विषय संपलेला नाही. त्याच दुरुस्तीत पुढे म्हटले आहे की असे शस्त्र वापरावयाचे, जवळ बाळगून बाहेर न्यावयाचे अथवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवावयाचे असेल तर रीतसर परवाना लागेल, आणि परवान्यावर तशी नोंद असल्याखेरीज त्यासाठी काडतुसे वा दारू विकली जाणार नाही. शिवाय आपले शस्त्र या वर्गात बसते किंवा नाही, हे नियमांतील व्याख्येप्रमाणे ठरते, घरच्या कथेप्रमाणे नव्हे. तेव्हा जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे, हाच राजमार्ग आहे.

दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना यातील ‘हलवणे’ हा शब्द सर्वांत अधिक लागू पडतो. आपली मुले पुण्यामुंबईस, बंगळुरास, परदेशी गेली आहेत. वाडे विकले जात आहेत. वाडा विकताना भांडीकुंडी, फडताळे, देव, झोपाळा यांच्याबरोबर बंदूकही ट्रकमध्ये चढवली जाते. आमच्या बंधूंनी ती मोटारीतून नेली असती, तर वाटेतल्या कोणत्याही नाक्यावर ते विनापरवाना शस्त्र बाळगणारे ठरले असते. सेवानिवृत्त बँक अधिकारी, पूर्वी कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला मनुष्य! या गुन्ह्याला केवळ दंड नाही, कारावासाची किमान मुदत कायद्यात सांगितलेली आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमातील शिक्षा अधिक कडक केल्या आहेत.

परदेशी नेण्याचा विचार तर मनातही आणू नये. १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियमाप्रमाणे, जो १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची अथवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. शंभर वर्षांचा हिशेब लागतो तो येथे, आणि बहुधा लोकांच्या समजुतीतील ते ‘शंभर वर्षे’ याच कायद्यातून चुकून इकडे आले असावे. पुराणवस्तू ठरल्याने शस्त्रावरचे एक बंधन सुटत नाही, उलट दुसरे एक वाढते.

आता वारसाहक्काविषयी. परवानाधारक निवर्तला म्हणजे त्याचा परवाना मुलाकडे आपोआप येत नाही. घर येते, शेत येते, बंदूक मात्र तशी येत नाही. बाळगण्याचा अधिकार संपला की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे, असे अधिनियमाचे २१ वे कलम सांगते. जमा केले म्हणजे ते गेले, अशी भीती अनेकांना वाटते. तसे नाही. वारसास परवाना मिळाला की ते परत मिळते, अथवा विहित मुदतीत ते अधिकृत रीतीने विकताही येते. मुदत टळू दिली, आलेल्या नोटिशीला उत्तर दिले नाही, तर मात्र ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून जमा केल्याची पावती जपावी आणि पाठपुरावा सोडू नये. २०१६ च्या नियमांत वारसांसाठी आणखी एक सोय आहे. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली असतील, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. या सभागृहातील सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना आमची कळकळीची विनंती आहे की हे काम मुलांवर सोपवून जाऊ नये. आपण आहात तोवर ते एका अर्जाचे काम आहे. आपल्या पश्चात ते सर्व वारसांच्या संमतिपत्रांचे, मृत्युदाखल्यांचे आणि हेलपाट्यांचे काम होते.

संख्येचेही बंधन ध्यानात ठेवावे. पूर्वी एका व्यक्तीस तीन शस्त्रे ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आली, आणि वडिलोपार्जित शस्त्रेही त्या दोनांतच मोजावी लागतात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. घरात चार बंदुका असतील तर त्या चारही एकट्या थोरल्या भावाच्या नावे राहू शकणार नाहीत, हे वाटणीच्या वेळीच लक्षात घ्यावे.

आता आमच्या बंदुकीचे काय झाले ते सांगतो, कारण ते ऐकल्याखेरीज आपण आम्हांला सोडणार नाही. त्या वृद्ध कारागिराने आपल्या दुकानात नेऊन ती रिकामी केली. आतून काळी दारू, चिंध्यांचा बोळा आणि शिशाचे बारीक छर्रे निघाले. दारू कोरडी होती. आम्ही स्वतः लेखी अर्ज घेऊन गेलो, नऊ वर्षांचा प्रमाद जसाच्या तसा लिहिला, आणि बंदूक जमा केली. समोरच्या अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि एकच वाक्य बोलले, “मास्टरसाहेब, आपण होऊन आलात हे बरे केलेत.” आपण होऊन जाणे आणि कोणीतरी येणे, यांत किती अंतर आहे, ते त्या वाक्यात आम्हांला कळले. पुढे दीड वर्ष कागदपत्रे चालली. बंधूंनी संमतिपत्र दिले. आमची पुतणी येथेच महाविद्यालयात शिकवते. २०१९ मध्ये तिच्या नावे परवाना झाला. वंशातील पहिली शस्त्रधारी स्त्री म्हणून आम्ही तिची थट्टा करतो. ती मात्र शांतपणे उत्तर देते, “काका, तुमच्यापेक्षा माझी कागदपत्रे तरी पूर्ण आहेत.”

घरात शस्त्र मांडण्याविषयी चार व्यावहारिक गोष्टी. पहिली गोष्ट, कोणतीही ठासणीची बंदूक ती भरलेली आहे असे गृहीत धरूनच हाताळावी, आणि ती तपासणे व रिकामी करणे हे जाणकाराचेच काम समजावे. काळी दारू कोरड्या जागी पिढ्यानपिढ्या टिकते. दुसरी, परवान्याचे शस्त्र उघड्या खुंटीवर टांगू नये. नियमांना ते कुलूपबंद व सुरक्षित ठेवणे अभिप्रेत आहे, आणि जाड काचेच्या कुलूपबंद कपाटात ठेवल्याने शोभा कमी होत नाही. तिसरी, माळ्यावरच्या डब्यातील जुनी काडतुसे ही स्वतंत्र बाब आहे. बंदूक सुटीत बसली तरी काडतुसे आपोआप बसत नाहीत, म्हणून ती घरी ठेवू नयेत. चौथी, ‘जरा दुरुस्त करून ठेवू’ म्हणून गावातल्या लोहाराकडे बंदूक देऊ नये. शस्त्र दुरुस्त करण्याच्या धंद्यासही परवाना लागतो. आणि वरातीत किंवा दसऱ्याला हवेत बार काढण्याची हौस ज्यांना अजून असेल, त्यांनी हे ध्यानी घ्यावे की आनंदाच्या प्रसंगी गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यासाठी होऊ शकतात.

काही जण म्हणतील, एवढा त्रास कशाला? रात्री नेऊन तलावात टाकून द्यावी! असे सांगणारे सद्गृहस्थ आम्हांला भेटले आहेत. १८५८ मध्ये आजीच्या आजीने तलवारी विहिरीत टाकल्या, त्या परक्या सत्तेच्या भयाने. आज आपण तेच केले तर ते कोणाच्या भयाने? केवळ स्वतःच्या आळसाच्या! ज्याला शस्त्र ठेवावयाचे नाही त्याच्यासाठीही सरळ मार्ग आहेत. ते रीतसर जमा करता येते, अधिकृत व्यक्तीस विकता येते, किंवा संग्रहालयाशी पत्रव्यवहार करून व परवाना अधिकाऱ्यांची अनुमती घेऊन भेट देता येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दालने पाहताना आमच्या मनात नेहमी येते की यांतील प्रत्येक वस्तू एके काळी कोणाच्या तरी माजघरात होती, आणि कोणीतरी ती टाकून न देण्याचा निश्चय केला म्हणून आज ती आपल्याला दिसते.

कायदा परंपरेचा वैरी नाही, याचे एक उदाहरण देऊन हे भाषण आवरते घेतो. कर्नाटकातील कोडगू प्रांतात कोडव लोक कैलपोढ या सणाला बंदुकीची पूजा करतात. तेथील कोडव व जम्मा जमीनधारक यांना परवान्यातून दीर्घकाळ सूट आहे, आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवून दिली. ती सूट त्यांना गृहीत धरून मिळालेली नाही, लेखी आदेशाने मिळाली आहे. आपल्याला तशी सूट नाही. आपली खंडेनवमी आपल्या पूर्वजांइतकीच जुनी आहे, परंतु पूजेच्या पाटावर ज्या वस्तूवर आपण फूल वाहतो, तिचा कागद त्याच पाटाखाली असावा, एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून आमची मंडळाच्या सभासदांना एक सूचना आहे. येत्या खंडेनवमीपूर्वी प्रत्येकाने घरातील शस्त्र खाली उतरवावे, जाणकाराकडून तपासून घ्यावे, परवाना असल्यास त्याची मुदत पाहावी, नसल्यास अर्ज करावा. आणि त्याबरोबरच, हे शस्त्र कोणाचे, कोठून आले, कोणी वापरले, कोणत्या साली भिंतीवर गेले, हे घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला विचारून एका वहीत लिहून ठेवावे. आमची बंदूक कोणी भरली, हे आमच्या आजोबांना नक्कीच ठाऊक असणार. त्यांना विचारण्यास आम्हांला पस्तीस वर्षे मिळाली होती. आम्ही विचारले नाही.